नायकाने दिलेलं पिल्लू

जनावर ओळखण्यात मी कधी फसलो नाही, असं मी चारचौघांत आयुष्यभर सांगत आलो. ते खोटं आहे. एका कुत्र्याच्या बाबतीत मी फसलो. खरं तर फसलो म्हणणंही तोंडदेखलं आहे, कारण मला सगळं आधी समोर बसवून सांगितलं गेलं होतं आणि मी ते कानाआड केलं.

निजामीची शेवटची वर्षं होती. गंगाखेडहून राणीसावरगावकडे जाणाऱ्या वाटेवर आमचं गाव. आम्ही लिंगायत वाणी. गावात किराण्याचं आणि कापडाचं दुकान, आणि गावाबाहेर थोडी काळी जमीन. शेतातला गोठा, कडब्याची गंज आणि राखणीची खोप मिळून जे होतं त्याला आमच्याकडे आखाडा म्हणतात. आमच्या आखाड्यावर एक सालगडी राहायचा. त्या वर्षी भुईमुगात रानडुकरं शिरत होती आणि चोऱ्याही वाढल्या होत्या. वडील एवढंच म्हणाले, "एक कुत्रं आन. चांगलं भुंकनारं बग."

वडिलांचा शब्द पंचक्रोशीत मानला जाई. त्यांची तागडी कधी कुणाच्या डोळ्यांत खुपली नाही, आणि बैल बघायला लोक त्यांना लांब लांब घेऊन जात. कपाळावरचा भोवरा, खूर, शेपटीचा गोंडा, पाण्यावर जाताना टाकलेलं पाऊल, एवढ्यावर ते बैलाचा स्वभाव सांगत. ती विद्या मी त्यांच्यामागे फिरून उचलली होती. म्हणजे भोवरे पाठ केले होते.

कुत्र्याचं मात्र माझ्या मनात आधीच ठरलं होतं. एकदा एक बडा अंमलदार दौऱ्यावर आला होता. त्याच्या मोटारीजवळ एक कारवानी कुत्रा उभा होता. उंच, कंबर मुठीत मावेल अशी, तोंड निमुळतं, आणि कुणाकडेही न बघता उभा. माणसं मोटार सोडून कुत्राच बघत होती. आपल्या दुकानाच्या ओट्यावर असा कुत्रा बसला तर गाव आपल्याकडेही तसंच बघेल, हे माझं त्यामागचं शहाणपण. राखण, डुकरं, भुईमूग हे सगळं वडिलांना सांगायला.

असे कुत्रे पाळायचे ते लमाण. आमच्यापासून चार कोसांवर, डोंगराच्या अंगाला त्यांचा तांडा होता. तांड्याचा प्रमुख, ज्याला सगळे नायक म्हणत, आमच्या दुकानी मीठ-गूळ न्यायला यायचा. वडिलांपेक्षा मोठा माणूस. वडील त्याला अहो-जाहो करत, मी अरे-तुरे करायचो. दुकानदाराच्या गादीवर बसलं की पोराला असा माज येतो, आणि मला तो लवकर आला होता.

त्याच्याकडे पिलं झाल्याचं कळलं तसा मी बैलगाडी जुंपून तांड्यावर गेलो. मिठाचं पोतं मोबदल्यात द्यायला बरोबर घेतलं होतं. नायकाने खाट टाकली, पाणी दिलं. मी पिलं मागवली.

"पिलं मागनं बगा, आप्पा," तो म्हणाला. "आदी त्येंची माय बगा."

माय झाडाखाली पडली होती. मी जवळ गेलो तरी तिने मान उचलली नाही. भुंकणं तर लांबच. मला ती आजारी वाटली. नायक हसला. "आजारी न्हाई. तिला तुमच्याशी काय घेनं न्हाई. लेकरं बी अशीच निगत्यात."

मग तो माझ्यासमोर उकिडवा बसला आणि विचारायला लागला. मुलगी द्यायची असताना बाप विचारतो तसं. घरात कोण कोण आहे? शेत किती लांब? रोज शेतात पायी कोण जातं?

"मी जातो," मी म्हणालो.

"रोज?"

"रोज."

मी चार दिवसांतून एकदा जायचो, तेही गाडीत बसून. हे पहिलं खोटं, आणि ते किती सहज निघालं याचं मला आजही नवल वाटतं.

"शेरडं, कोंबड्या?"

"न्हाईत."

"मांस?"

मी चिडलो. "नायक, वाण्याच्या घरी मांस इचारायलास व्हय?"

"इचाराया पायजे, आप्पा. ह्ये जनावर पळायला जल्मलंय. ह्याला रोज मोकळं सोडून दोन कोस पळवाय लागतंय. ससा दिसला का ह्यो जानार, तुमी किती बी वरडा. भुंकन्याचं नाव न्हाई. राखनीलाच पायजे असंल तर धनगराचं पिल्लू घ्या. पान हाललं तरी बोंबलतंय त्ये. लय इमानी."

"आन ह्याला बांदलं तर?"

नायकाने झाडाखालच्या मायकडे बघितलं. "मन मरतंय त्याचं," तो म्हणाला.

इतकं स्वच्छ कुणी कुणाला सांगत नाही. पण मी तोवर पिलं हाताळायला लागलो होतो. एकेकाचं तोंड उघडून दात बघितले, कपाळावरचा भोवरा बघितला, शेपटी ताणून लांबी बघितली. बैलाच्या बाजारात बघतो तसंच. भोवती जमलेल्या लमाणबाया तोंडाला पदर लावून हसत होत्या आणि मला वाटत होतं, माझी पारख बघून त्या थक्क झाल्यात.

नायकाची पारख वेगळी होती. त्याने दोरीला चिंधी बांधली आणि जमिनीवरून ओढत पळाला. तीन पिलं थोडी धावली आणि थांबली. चौथं सुटलं ते चिंधी धरूनच थांबलं, आणि धरल्यावर सोडेना. नायकाने जबडा उकलून चिंधी काढली. "ह्यो मायवर गेलाय. घरात ऱ्हानारा न्हाई. तुमी ही पिवळी मादी न्या, हाताला येतीया."

"ह्योच नेनार," मी म्हणालो. त्याच्या कपाळावर बरोबर मधोमध भोवरा होता.

पिल्लू माझ्या हातात देताना नायकाने ते लगेच सोडलं नाही. "येक कबूल करा. जमलं न्हाई तर मलाच आनून द्या. दुसऱ्याच्या दारात बांदू नका. जिम्मा तुमचा."

"कबूल," मी म्हणालो.

आमच्या घरात गाय व्याली की पहिल्या सोमवारी वासराच्या कपाळाला विभूती लावत. मग ते घरचं. त्या सोमवारी मी पिलाच्या कपाळालाही विभूती लावली आणि जाहीर केलं, "आता ह्यो बी आपल्यातला." अन्नावरून स्वभाव घडतो ही आमच्या घरची पक्की समजूत. मांसाचा वाससुद्धा लागला नाही तर शिकार कुठून आठवणार, असा माझा हिशोब. बायको रोज दुधात भाकरी कुस्करून घालायची. तो खायचा आणि त्याच्या बरगड्या दिसतच राहायच्या, कारण ती जातच तशी. गावाला थट्टेला विषय मिळाला. "आप्पा, कुत्र्याला बी सोमवार धरायला लावलाव का?" असं येणारा-जाणारा विचारी. मलाही आतून बरं वाटायचं. वाण्याचा कुत्रा मांसाला तोंड लावत नाही, हे मी गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायचो. नाव मी हौसेने ठेवलं होतं. ते इथे लिहिण्याचा हक्क मला उरलेला नाही.

तो वाढल्यावर त्याला आखाड्यावर ठेवला. महिनाभराने सालगडी सकाळीच दुकानी आला. भुईमुगाची पोती गेली होती. "आन ह्यो?" मी विचारलं. "ह्यो बसला हुता की बगत," गडी म्हणाला. "हूं का चूं न्हाई."

नायकाने सांगितलेलं अक्षरन् अक्षर खरं झालं होतं, आणि राग मला कुत्र्याचा आला. त्याला घरी आणलं आणि दुकानाच्या ओट्याच्या खांबाला म्हशीची साखळी घालून बांधलं. तसा मोटारीजवळच्या कुत्र्यासारखा तो दिसलाही. दोन-चार दिवस लोक बघायला थांबले. मग कुणी थांबेना.

आठ महिने तो त्या साखळीवर होता. साखळी जाईल तेवढ्या अर्ध्या वर्तुळात फिरायचा, वळायचा, पुन्हा फिरायचा. शेणाने सारवलेल्या जमिनीत त्याच्या पायांनी चर पडला. मानेचे केस गेले, मग कातडी सोलली. दूर माळावर शेरडांचा कळप दिसला की तो उभा राहून थरथरायचा. नायक दुकानाकडे येताना दिसला की तेवढ्यापुरता मी त्याला परसात नेऊन लपवायचो. बायको म्हणायची, "अवो, जरा माळावर सोडून आना की त्याला." मी म्हणायचो, "तुला काय कळतंय त्यातलं?" एकदा त्याने ओट्यावरचा कापडाचा तागा फाडला तेव्हा मी त्याला कापड मोजायच्या लोखंडी गजाने मारलं. तो ओरडला नाही. मी थांबेपर्यंत तिथेच उभा राहिला.

श्रावणातला सोमवार होता. आमचे जंगम स्वामी घरी आले होते. ओसरीवर पाट मांडून वडील त्यांची पादपूजा करत होते, मी शेजारी तांब्या घेऊन बसलो होतो. साखळीची कडी झिजून तुटली होती आणि कुत्रा सकाळीच पळाला होता. गेला तर गेला, म्हणून मी शोधायलाही गेलो नव्हतो.

तो परत आला. भिजलेला, चिखलाने माखलेला, तोंडात ससा. बसलेल्या माणसांतून वाट काढत तो सरळ माझ्याकडे आला आणि ससा माझ्या गुडघ्याजवळ ठेवला. एक दात लागल्याची खूण सोडली तर ससा अख्खा होता. त्याने त्यातलं काही खाल्लं नव्हतं. ठेवून मागे सरला, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि शेपूट हलवली. आठ महिन्यांत पहिल्यांदा.

पाटाजवळच्या पाण्यात रक्त उतरलं. बायका आत पळाल्या. मी हातातला तांब्या त्याच्यावर फेकला.

स्वामी शांत होते. "आप्पा, त्यानं त्याचं काम केलं," ते मला म्हणाले. "ओसरी धुऊन घ्या आन पूजा पुरी करा." म्हणजे ज्यांना विटाळ झाला म्हणून मी पेटलो होतो, त्यांना काहीच झालं नव्हतं. झालं होतं ते मला. दुसऱ्या दिवसापासून गाव विचारायला लागलं, "काय आप्पा, सोमवार सोडला वाटतं?"

पूजेच्याच दिवशी संध्याकाळी वडील म्हणाले होते, "त्याला नायकाला दिऊन ये."

मी हो म्हणालो. ओढ्याला पाणी आहे म्हणून थांबलो. ओढा उतरला तर रस्त्यात चिखल आहे म्हणून थांबलो. खरी गोष्ट अशी की तांडा चार कोसांवर होता, वाट मला पाठ होती, आणि कुत्रा नेऊन दिला असता तर नायक मला एक शब्द बोलला नसता. त्याने फक्त कुत्र्याच्या सोललेल्या मानेवरून बोटं फिरवली असती. ती बोटं मला डोळ्यांसमोर दिसायची आणि मी पुढचा बहाणा काढायचो.

दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या परभणीला जिनिंगवर निघाल्या. मी त्यांच्याबरोबर निघालो आणि कुत्रा गाडीच्या मागे बांधला. श्रावणातल्या त्या दिवसानंतर तो पहिल्यांदाच पळत होता. बैलांची चाल त्याला पुरेना, तो दोरी ताणून गाडीच्या बाजूला यायचा आणि माझ्याकडे बघायचा. त्याला वाटलं असेल, मी त्याला पळवायला आणलंय. मी गोणीवर पाठ फिरवून बसलो.

जिनिंगवर एक म्हातारा मुसलमान पहारेकरी होता. त्याला कुत्रा आवडला. "छोड देव सेठ, देख लेतौं मैं," तो म्हणाला. मी दोरी त्याच्या हातात दिली आणि मागे न बघता गाडीत बसलो. घरी आल्यावर वडिलांनी विचारलं, "नायक काय म्हनला?" मी म्हणालो, "परभनीला चांगली जागा मिळाली, तिकडं दिला." वडिलांनी मान खाली घालून तराजू पुसला.

संक्रांतीनंतर मी पुन्हा परभणीला गेलो तेव्हा पहारेकऱ्याने मला ओळखलं. "ओ खायाच नै, सेठ," तो म्हणाला. "दूध दिया, गोश्त लाके दिया. मूं नै लगाया. रस्ते के तरफ मूं करके बैठता था. दसवें दिन मर गया." म्हाताऱ्याचा आवाज दुखावलेला होता. दहा दिवसांत त्याने त्या कुत्र्यावर माझ्या वर्षभरापेक्षा जास्त जीव लावला होता. मी बरं म्हणालो आणि सरकीचा भाव विचारला. खरंच विचारला.

पावसाळ्याच्या तोंडाला येऊन गेलेला नायक होळी झाल्यावर एका दुपारी पुन्हा दुकानी आला. वडील गादीवर होते, मी गूळ तोडत होतो. तो ओट्यावर टेकला आणि म्हणाला, "आप्पा, आमचा गडी कसा हाय?"

मी काही बोलायच्या आत तोच पुढे बोलायला लागला. तांड्यावर कुत्र्यांत रोग आला होता. माय गेली, तिची पिलं गेली, ती पिवळी मादीही गेली. "त्या रगताचं येक बी ऱ्हायलं न्हाई. माज्या आज्यापासून चालत आलेलं. तुमचा तेवढा हाय. चार दिस द्या मला. पलीकडच्या तांड्यावर येक मादी हाय. पिलं झाली का पयलं तुमच्या घरी."

वडिलांनी तोलायला घेतलेली डाळ तशीच पारड्यात राहिली. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"नायक, त्याला पान लागलं," मी म्हणालो. साप चावला हे आमच्याकडे असंच सांगतात.

"कवा?"

"पावसाळ्यात. शेतात."

त्याने डोक्याचं पागोटं काढून मांडीवर ठेवलं. मग म्हणाला, "मोकळा हुता न्हवं?"

"मोकळाच हुता."

"मंग चांगलं मरन आलं," तो म्हणाला. "कुटं पुरला? दावा मला."

वडील अजून माझ्याकडेच बघत होते. एका शब्दाने ते मला उघडं पाडू शकत होते, आणि खोटं ऐकून गप्प बसण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. ते गप्प बसले. माझ्यासाठी.

मी नायकाला आखाड्यावर घेऊन गेलो. भर उन्हात दोघं पायी गेलो. वाटेत मी जागा ठरवत होतो. बांधावरच्या बाभळीपासून थोडं आत, उघड्या काळ्या रानात मी बोट दाखवलं. नायक तिथे गेला, उकिडवा बसला आणि दोन्ही तळवे मातीवर ठेवले. मग आपल्या बोलीत काहीतरी बोलत राहिला. मला शब्द कळले नाहीत. बोलणं मात्र समोरच्याला ऐकू जातंय अशा धीराचं होतं. आमच्याच दुकानातून घेतलेल्या गुळाचा एक खडा त्याने तिथे ठेवला.

त्या वेळी सांगायला हवं होतं. माझ्या तोंडाशी आलंही होतं. पण तो उठला, माझ्याजवळ आला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आप्पा, तवा मी तुमाला लय इचारलं. माज्या मनात शंका हुती, तुमच्याच्यानं हुईल का न्हाई. चुकलं माजं. राग धरू नका."

मी म्हणालो, "राग कसला?"

तो डोंगराकडे निघून गेला. पुढे तो दुकानी येत राहिला, मी त्याला अहो-जाहो करायला लागलो, पण कुत्रा त्याने परत पाळला नाही. पाळला असता तर कदाचित मला थोडं हलकं वाटलं असतं.

पाऊस जवळ आला तसं गड्याने नांगर धरला. वडील सहसा शेतात येत नसत, त्या दिवशी आले. नांगर बाभळीच्या बाजूला वळला तेव्हा त्यांनी गड्याला हाक मारली, "तेवडी जागा सोड." गड्याने का म्हणून विचारलं. "तितं कुत्रा पुरलाय," वडील म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही, त्या दिवशीही नाही आणि मरेपर्यंत त्या विषयावर एकदाही नाही. आयुष्यात त्यांनी तोंडाने उच्चारलेलं एवढं एकच खोटं मला ठाऊक आहे, आणि ते माझं होतं.

ती जागा अजून पडीक आहे. वडील गेल्यावर मीही ती नांगरू दिली नाही, कारण नांगरायची तर सांगावं लागलं असतं. तिथे गवत माजतं. गोष्टही माजली आहे. परवा माझ्या नातीने पाहुण्यांना ती जागा दाखवली. आमचा कारवानी सापाशी झुंजला, आजोबांना वाचवलं आणि इथेच मेला, असं तिने सांगितलं. पाहुण्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.